संत्र्याच्या झाडाचे सल्लागार मंडळ

फळझाडाला माती, ऊन आणि पाणी लागते, असा एक समज शहाण्या माणसांतही आढळतो. परसातल्या झाडाला मुख्यतः सल्ला लागतो. बाकीचे नंतर.

शेलूबाजारच्या भाऊसिंगांनी न्हाणीमागच्या चटईएवढ्या जागेत संत्र्याचे एक झाड लावले. झाड हिरवेगार झाले. फळाचे मात्र नाव नाही. तेव्हा गाव पुढे सरसावले.

उपाय पहिला: बुडाशी ताक घालावे.
उपाय दुसरा: ताक चुकूनही घालू नये.
उपाय तिसरा आणि पुढचे सगळे: गंजका खिळा, मटणाचे धुवण, फांदीला जुनी चप्पल. (चप्पल भाऊसिंगांची होती. जुनी नव्हती.)

शेतातल्या संत्र्याचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो, तेव्हाच ते फुलते, हे या प्रत्येक सल्लागाराला पाठ होते. पण घरचे झाड म्हणजे घरचे माणूस. त्याला तहानलेले कसे ठेवणार? जो तो सल्ला देऊन झाडाच्या बुडाशी असलेल्या नळावरच हात धुऊन जाई.

दिवाळीत भाऊसिंगांच्या पत्नीने, सुंदरबाईंनी, मुदत दिली. "संक्रांतीलोक फूल नाही दिसलं त पाडा. मले कपडे वाळू घालाले जागा पायजे."

भाऊसिंग हबकले. रोज सकाळी चहा पिताना ते झाडाशी चार शब्द बोलत. घरात तेवढेच एक त्यांचे शेवटपर्यंत ऐकून घेई.

उपाय उरला एकच: झाडाला धाक घालणे. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने हात धरून झाडाला जामीन राहायचे, अशी रीत. जामीनदार म्हणून शेजारच्या गोविंदसिंगांची नेमणूक झाली.

"फळ देत नाहीस त आज पाडतोच तुले," भाऊसिंग गरजले आणि वाट पाहत राहिले.

गोविंदसिंगांनी झाड निरखले. "बुडातून पाडजा भाऊ. वरून पाडसान त पुन्हा फुटते."

"अरे, तुले हात धराले बोलावलं ना बाप्पा."

"धरतो ना. पण पाडाचंच असन त नीट पाडा."

उगारलेली कुऱ्हाड रिकामी उतरवू नये, असेही रीत सांगते. ती त्या नळाच्या पाइपावर उतरली.

पाइप जोडणारा 'उद्या येतो' म्हणाला. (या भागात हा शब्द वेळ सांगत नाही, सौजन्य सांगतो.) परसात पाणी नाही, म्हणून हात धुणे नाही; हात धुणे नाही, म्हणून सल्लागार नाहीत. पाने मलूल झाली. संक्रांतीला सुंदरबाई कुऱ्हाडीऐवजी दोन घागरी घेऊन आल्या. "मरून राह्यलं बिचारं," असे पुटपुटत, कोणी पाहत नाही असे पाहून, त्यांनी त्या ओतल्या.

माघात झाड पांढरेशुभ्र फुलले.

श्रेय ताकवाल्यांनी घेतले, ताकविरोधकांनीही घेतले. गोविंदसिंगांनी जामीनदार या नात्याने पहिल्या संत्र्यावर हक्क सांगितला. सुंदरबाईंनी कपड्यांची दोरी झाडालाच बांधली.

पाइप जोडणारा अखेर परवा आला. भाऊसिंगांनी त्याला दारातूनच सांगितले, "उद्या ये." कारण हे वाचता वाचता तुम्हालाही त्या झाडासाठी एक नामी उपाय सुचला आहे, याची त्यांना पूर्ण कल्पना आहे.