वरच्या ओठाची चौकशी

ज्योतीताई वापीहून परतल्या तेव्हा आधी त्यांचा वरचा ओठ घरात शिरला आणि मागून त्या.

डॉक्टरीणबाईंनी अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की ओठात थोडंसंच भरायचं, कुणाला कळणारसुद्धा नाही, नुसता चेहरा खुलल्यासारखा वाटेल. दोन-तीन दिवस सूज राहील असंही त्या म्हणाल्या होत्या, पण ते हळू आवाजात. ज्योतीताईंना त्याचीही फिकीर नव्हती. नवरा चार दिवस पुण्याला ऑडिटला जाणार, तो येईपर्यंत सूज उतरणार, असा बेत त्यांनी महिनाभर मनात मुरवला होता. आता ऑडिट ऐनवेळी पुढं ढकललं जाईल हे त्यांना काय माहीत. दार उघडलं तर राजेंद्रराव बनियनवर सोफ्यावर बसून कलिंगड खात होते.

ते बघतच राहिले. कलिंगडाची फोड हातात तशीच. "ओठाला काय झालं?"

"मधमाशी चावली," ज्योतीताई म्हणाल्या. तोंडाला आलं ते बोलून मोकळ्या झाल्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली बरीच वर्षं पोळं होतं, तेव्हा थाप तशी वाईट नव्हती.

दुसरा कुठलाही नवरा बर्फ लाव म्हणाला असता आणि चहा मागितला असता. पण राजेंद्रराव पडले नरोलीच्या सूतगिरणीतले सेफ्टी मॅनेजर. नाशिक सोडून सिल्वासात आल्यापासून त्यांनी एकच धर्म पाळला होता. काहीही घडलं की 'का' विचारायचं, उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही 'का' विचारायचं. असे पाच 'का' विचारले की खरं कारण हाताला लागतंच, असा त्यांचा ठाम विश्वास. गिरणीत कुणाच्या बोटाला चिंधी दिसली तरी ते त्या माणसाला खुर्चीवर बसवून पाच प्रश्न विचारत, त्यामुळं लोक जखमा लपवायला शिकले होते.

त्यांनी ज्योतीताईंना खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला. मधमाशी काटा आत सोडून जाते, तो आधी काढायला हवा, म्हणून चष्मा कपाळावर चढवून ओठ न्याहाळला. काटा सापडला नाही. सापडले ते बारीक लाल ठिपके, एक नाही, चार.

"एक माशी एकदाच डंख मारते," राजेंद्रराव गंभीर झाले. "म्हणजे चार माश्या होत्या. हा हल्ला आहे, ज्योती."

ज्योतीताईंनी मान हलवली. एका माशीच्या चार झाल्या याचं त्यांना वाईट वाटलं, पण आता कमी करता येत नव्हत्या.

तासाभरात गच्चीच्या जिन्यावर लाल-पांढरी पट्टी लागली. ती गिरणीत खड्डा खणला की लावतात तीच, राजेंद्ररावांच्या गाडीत कायम असते. खाली कागद चिकटवला, 'धोका, प्रवेश बंद'. आणि इथंच प्रकरण हाताबाहेर गेलं, कारण खालच्या मजल्यावरच्या वासंतीवहिनींच्या घरी कुरडयांसाठी गहू भिजले होते, ते वाटून त्याचा चीक पातेल्यात तयार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या.

चीक काही चौकशीसाठी थांबत नाही, आंबून जातो. जळगावच्या वासंतीवहिनींचा तर कुरडयांवर जीव. त्या तरातरा वर आल्या त्या भांडायलाच, पण ज्योतीताईंचा ओठ बघितला आणि पाघळल्या. लगेच खाली जाऊन बोटावर चुना घेऊन आल्या. डंखावर चुन्यासारखं औषध नाही, असं म्हणत त्यांनी ज्योतीताईंची हनुवटी धरली. ओठाला काही लावू नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, त्यामुळं ज्योतीताईंनी मान झटकली आणि चुना नाकाच्या शेंड्याला लागला. झोंबत होता, पण बोलायची सोय नव्हती.

"पोळंच पाडून टाकू," वासंतीवहिनींनी निकाल दिला. "आज संध्याकाळीच. लोकांच्या बायकांची तोंडं फोडायला लागल्या मेल्या."

त्यांचे यजमान अरविंदभाई सोसायटीचे सेक्रेटरी. सिल्वासात भाई म्हणण्याची पद्धत, म्हणून जळगावचे असले तरी भाई. वहिनींचा निकाल हाच सोसायटीचा ठराव असे. अरविंदभाईंनी नथू वॉचमनला गोणपाटं आणि रॉकेल जमवायला सांगितलं. राजेंद्ररावांनी एकच अट घातली, की चौकशीचं शेवटचं टोक तेवढं गाठू द्या, कारण कळल्याशिवाय कारवाई करायची नाही.

ज्योतीताईंना आता खरंच कसंतरी व्हायला लागलं. ओठ दुखत होता म्हणून नव्हे. त्याच माश्यांसाठी त्या उन्हाळाभर गच्चीवर पसरट थाळीत पाणी ठेवायच्या. एवढ्या वर्षांत एकीनंही त्यांना कधी डंख मारला नव्हता. आणि आता त्यांच्या एका थापेपायी ती सगळी वस्ती जळणार. पण खरं सांगावं, तर या वयात ओठ भरून घेतला म्हणून बिल्डिंगभर हसू होणार. त्या नवऱ्यासमोर बसल्या.

"हं," राजेंद्ररावांनी अंगठा वर केला. ते 'का' बोटांवर मोजत. "ओठ का सुजला?"

"सुई टोचली म्हणून."

राजेंद्रराव थबकले. पण सवय दांडगी. दुसरं बोट आपोआप वर गेलं. "सुई का टोचली?"

"वरचा ओठ जरा भरलेला दिसावा म्हणून. वापीच्या डॉक्टरीणबाईंकडून टोचून घेतली."

"तो भरलेला का दिसायला हवा?"

"फोटोत तो दिसतच नाही म्हणून. हसले की रेघसुद्धा उरत नाही."

"तो तर पहिल्यापासून तसाच आहे. आत्ताच का खटकला?"

"आपल्या प्राजक्ताच्या साखरपुड्याचे फोटो बघताना कुणीतरी म्हणालं म्हणून. की ही कोण बाई, फॅक्टरी इन्स्पेक्टर आल्यासारखी उभी आहे. सगळे हसले. जावईबापूसुद्धा."

राजेंद्ररावांची करंगळी अर्धी वर आली होती. "असं कुणी का म्हणावं?"

"ते तुम्हीच सांगा," ज्योतीताई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात."

करंगळी हवेतच राहिली. राजेंद्ररावांना तो दिवस आठवला, तो हशा आठवला, आणि त्या हशात ज्योती हसली नव्हती हे पहिल्यांदाच लक्षात आलं. त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या चुकांची मुळं खणली, आणि आज खणत खणत स्वतःच्याच पायाशी आले.

"मी गंमत केली होती गं," ते म्हणाले.

"माहितेय. पण टोचली."

ज्योतीताईंनी डोळे पुसले आणि दोन गोष्टी बजावल्या. माश्यांना हात लावायचा नाही, आणि ओठाचं कुणाला कळता कामा नये. राजेंद्ररावांनी दोन्ही कबूल केल्या. अडचण एवढीच होती की चौकशीत खोटं सांगायचं नाही हा त्यांचा बाणा होता, आणि तो त्यांना मोडवेना.

संध्याकाळी जिन्यावर निम्मी बिल्डिंग जमली होती. वासंतीवहिनी सोऱ्या हातात घेऊनच आल्या होत्या, की पोळं पडलं रे पडलं की तयारीला लागायचं. नथू काडी ओढणार तेवढ्यात राजेंद्रराव पुढं झाले. "थांबा. पोळ्याचा काही संबंध नाही. चौकशी पूर्ण झालीय. चूक माणसाची आहे."

"कुठल्या माणसाची?" अरविंदभाईंनी विचारलं.

"माझी," राजेंद्रराव छाती काढून म्हणाले. "माझ्या बायकोची मी माफी मागितली आहे. पुन्हा असं होणार नाही."

सगळ्यांनी एकदा राजेंद्ररावांकडे बघितलं आणि एकदा ज्योतीताईंच्या ओठाकडे. नथूनं काडीपेटी खिशात टाकली. लोक एकेक करून खाली उतरले, आणि जाताना राजेंद्ररावांच्या अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीला घासून गेले. राजेंद्रराव मात्र खूश. प्रामाणिकपणाचा लोकांवर कसा परिणाम होतो बघ, असं ते रात्री जेवताना बायकोला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी अरविंदभाई राजेंद्ररावांना न बोलावता एकटेच फिरायला गेले. लिफ्टमध्ये राजेंद्रराव शिरले तशा आतल्या बायका बाहेर पडल्या. धुणंभांडी करणाऱ्या मंजुळाबाईंनी तर त्यांच्या कपातला चहा बेसिनमध्ये ओतला आणि ते आंघोळीला गेल्यावर ज्योतीताईंचा हात धरला.

"बाई, तुमी भ्यायचं नाही," त्या कानात म्हणाल्या. "माझा भाचा नरोलीले राहतो. त्याच्या रूमवर आठ पोरं हायेत. एक फोन केला का येतीन."

ज्योतीताईंना हसावं की रडावं कळेना. एका बाजूला त्यांचं गुपित, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची अब्रू आणि भाच्याच्या रूमवरची आठ पोरं. हा माणूस जन्मात कुणावर हात उगारणारा नव्हे, झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडणारा. त्यांनी मंजुळाबाईंना थांबायला सांगितलं, पदर खोचला आणि थेट गच्ची गाठली.

वासंतीवहिनी चादरीवर कुरडया घालत होत्या. टाकीखाली माश्या आपल्या गुणगुणत होत्या. ज्योतीताईंनी पलीकडून चादरीचं टोक धरलं आणि सगळं सांगून टाकलं, वापीपासून करंगळीपर्यंत. सांगताना मान खाली, आता वहिनी फिदीफिदी हसतील आणि दुपारपर्यंत बिल्डिंगभर होईल, ही धास्ती.

वहिनी हसल्या नाहीत. सोऱ्या फिरवायच्या थांबल्या. चिकाच्या हातानंच त्यांनी ज्योतीताईंची हनुवटी उन्हाकडे वळवली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"फार दुखतं का गं?" त्यांनी विचारलं. आणि मग इकडंतिकडं बघून, "त्या डॉक्टरीणबाई बसतात कुठं?"

त्या दिवशी दुपारी वासंतीवहिनींनी जाहीर केलं की राजेंद्रभाई देवमाणूस आहेत, मी स्वतः खात्री केलीय, पुढचं कुणी विचारायचं नाही. वहिनींच्या शब्दापुढं कोण बोलणार? मंजुळाबाईंनी भाच्याला नको म्हणून कळवलं, पण चहा तीन दिवस बिनसाखरेचाच दिला.

सूज उतरली. ओठ दिसला तो डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसाच, कुणाला कळणारसुद्धा नाही असा. आणि खरंच कुणाला कळला नाही, याची ज्योतीताईंना थोडी हुरहुर लागून राहिली. राजेंद्रराव मात्र रोज सकाळी न चुकता, "आज छान दिसतेस," म्हणायचे. ते ओठाबद्दल होतं की चौकशीच्या निष्कर्षाची अंमलबजावणी होती, हे ज्योतीताईंनी विचारलं नाही.

कुरडया वाळून डब्यात गेल्या, आणि एके दिवशी अरविंदभाई लालबुंद होऊन दारात उभे. मागं वासंतीवहिनी, तोंडावर पदर. पदर जरा ढळला तेव्हा वरचा ओठ दिसला, चांगलाच सुजलेला.

"तुम्ही म्हणालात पोळ्याचा संबंध नाही," अरविंदभाई कडाडले. "आता हिला चावली. नथूला रॉकेल आणायला पाठवलंय. आणि या वेळी चौकशी मी करणार, तुमच्यासारखीच, पाच प्रश्नांची."

राजेंद्ररावांनी वहिनींच्या ओठाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. त्यांनी अरविंदभाईंच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना आत सोफ्यावर बसवलं.

"चौकशी जरूर करा, अरविंदभाई," ते हळूच म्हणाले. "पण नथूला आधी परत बोलवा. पाचव्या प्रश्नाला आपणच निघतो."