अकरा मिनिटांची गल्ली

रस्त्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही! शिंप्याच्या गल्लीतून मी वाहतूक खात्याची कचेरी अकरा मिनिटांत गाठली होती. एकदाच, पण गाठली होती ना!

त्याच कचेरीत मुलीची दहा वाजता नोकरीची मुलाखत होती. दीड वर्ष घरी बसलेली पोर, त्यामुळे सकाळपासून घरात सगळ्यांचीच धावपळ. सव्वानऊला मी स्कूटर काढली, तर पोरीने वही काढली.

"बाबा, महिनाभर दोन्ही रस्त्यांनी जाऊन वेळ लिहिलीय. मोठ्या रस्त्याने सरासरी एकोणीस मिनिटं, गल्लीतून सव्वीस."

"सरासरी गेली खड्ड्यात! अनुभवापुढे वही काय सांगतेस?"

"अहो, ऐका जरा तिचं," बायको म्हणाली. मी हेल्मेट घातलं. त्यातून बायकोचं ऐकू येत नाही, हाही अनुभवच.

गल्लीच्या मध्यावर दोन हमाल एक लोखंडी कपाट एका घरात नेत होते.

"दोनच मिनिटं, काका."

मी कसला थांबतोय! "अरे, तिरकं करा! माझ्या साडूकडे अस्संच आत घेतलं होतं!"

बिचाऱ्यांनी तिरकं केलं. कपाट निम्मं दारात, निम्मं गल्लीत, असं ठार अडकलं. आतून एक आजीबाई ओरडल्या, "कोण रे तो शहाणा?" तेवढ्यात मागे पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला.

"बाबा, मावशीकडचं दार केवढं आहे?" मुलीने शांतपणे विचारलं.

"म्हणजे... त्यांचं दार दोन फळ्यांचं आहे."

ती वही छातीशी धरून कपाटाखालून सरपटत पलीकडे गेली आणि पळत सुटली. सुतार येऊन दाराची चौकट काढेपर्यंत मी कपाट धरून उभा होतो. पोरीचं नुकसान केलं, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुपारी ती घरी आली.

"उशीर का झाला, असं विचारलं त्यांनी. मी वही दाखवली. आजची नोंदसुद्धा. गल्ली, बावन्न मिनिटं, कारण वडील."

"मग?"

"अर्धा तास वहीच वाचत बसले. म्हणाले, आम्हाला असंच मोजणारं माणूस हवंय. सोमवारपासून या."

माझे डोळे भरून आले. पोरीने नाव काढलं हो!

तेव्हापासून ओळखीत कुणाचीही मुलाखत असली, की मी छातीठोकपणे सांगतो, "शिंप्याच्या गल्लीतूनच जा. आमच्या मुलीला नोकरी लागली!"