राघोत्तमरावांची आवक वही

आलेल्या पत्राला उत्तर न देणारा समाज फार काळ टिकत नाही. हे सत्य राघोत्तमरावांनी तमिळ मुलुखातल्या आवडी गावच्या एका सरकारी कारखान्यात, आवक-जावक विभागात चौतीस वर्षे बसून सिद्ध केले होते. समाज टिकला. विभाग त्यांच्या निवृत्तीनंतर महिन्याभरात बंद झाला (कोणाच्या लक्षात आले नाही).

निवृत्तीनंतर पत्रे यायची थांबली, तेव्हा मुलाने घरी संगणक आणून दिला. राघोत्तमरावांनी लगेच थोर कार्य हाती घेतले. तंजावराहून आलेली त्यांच्या घराण्याची जुनी मराठी आता ते आणि पत्नी तुळसीबाई अशा दोन तोंडांपुरती उरली होती. नातवंडे तमिळमध्ये भांडत आणि इंग्रजीत रुसत. म्हणून तिचे शब्द गोळा करून त्यांनी संगणकात यादी केली. शब्द अकराशे चाळीस. आपल्यामागे एवढे तरी राहावे, असे त्यांना फार वाटे.

एके सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली: ‘सूचना पाठवण्यास परवानगी आहे का?’ विचारून आत येणाऱ्याला नको म्हणण्याची त्या घराण्यात रीत नव्हती. (या कंसापुढे वाचणाऱ्याने, आज संध्याकाळी घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचे तासभर ऐकून घेण्याचे मान्य केले, असे समजण्यात येईल.) राघोत्तमरावांनी ‘हो’ दाबले आणि कपाटातून कोरी आवक वही काढली.

चौदा महिन्यांत वहीत एक हजार तीनशे पंधरा नोंदी झाल्या. चारशे दोन चौकटींनी संगणकाला विषाणूची बाधा झाल्याचे कळवले. दोनशे अकरा चौकटींनी त्यांना फोनचे बक्षीस लागल्याबद्दल अभिनंदन केले (‘मी स्पर्धेत भाग घेतला नव्हता, बक्षीस पुढील क्रमांकास द्यावे,’ असे त्यांनी जागा मिळेल तिथे टंकून पाठवले). अठ्ठ्याऐंशी चौकटींतल्या स्त्रिया दोन किलोमीटरवर राहत असून त्यांना भेटायला आतुर होत्या. ही प्रकरणे त्यांनी नियमाप्रमाणे तुळसीबाईंपुढे ठेवली.

“दोनच किलोमीटर? मग येऊं दे की,” तुळसीबाई इडलीचे पीठ ढवळत म्हणाल्या. “कापी पिऊन जातील बिचाऱ्या, पापम.”

विषाणूचे कळवणाऱ्यांचे राघोत्तमरावांना विशेष कौतुक वाटे. परक्या माणसाच्या तब्येतीची एवढी काळजी हल्ली कोण करतो? पहिल्याने देऊ केलेले सफाईयंत्र त्यांनी आभार मानून बसवून घेतले. मग दुसऱ्याचे, कारण एकाचे घ्यायचे आणि दुसऱ्याचे नाही हा पक्षपात झाला असता. अशी सात बसली. प्रत्येक यंत्र उरलेली सहा चोर असल्याचे रोज कळवी, आणि ही सातही निवेदने अगदी खरी होती. शब्दांची यादी उघडायला आता सांबार उकळून खाली उतरेपर्यंतचा वेळ लागू लागला. राघोत्तमरावांना यात गैर वाटले नाही. कारखान्यात फाईल यायला आठवडा लागे.

मग एका शनिवारी यादी उघडेनाच. तिच्या जागी भलतीच अक्षरे, आणि वर ‘यादी हवी असल्यास पैसे भरा’ म्हणणारी एक लाल चौकट. राघोत्तमरावांनी ती आवक क्रमांक एक हजार तीनशे सोळा म्हणून नोंदवली आणि लिहिले, ‘यादी कृपया परत करावी. ती आपल्या उपयोगाची नाही.’ उत्तर आले नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रविवारी अंबत्तूरहून सून आली, हरिप्रिया. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे संगणक हल्ल्यांपासून राखणे ही तिची नोकरी. (सासऱ्यांच्या संगणकाकडे तिने पाच वर्षांत पाहिले नव्हते, ते तिच्या विभागात येत नव्हते.)

“अय्यो मामंजी, हे सगळं तुम्हीच आत घेतलंत?”

“त्यांनी विचारलं होतं,” राघोत्तमराव म्हणाले.

तिने सगळ्या परवानग्या रद्द केल्या, सातही यंत्रे उपटली, जाहिराती अडवणारा पहारेकरी बसवला. मग हळूच विचारले, “यादीची दुसरी प्रत कुठं ठेवली आहे का?”

राघोत्तमरावांनी वही चाळली. दर शुक्रवारी संगणकाचीच एक करडी चौकट येत होती: ‘आपल्या फायलींची प्रत काढलेली नाही.’ अभिनंदन नाही, ‘आदरणीय महोदय’ नाही. एकसष्ट वेळा त्यांनी ‘नंतर आठवण करून द्या’ दाबले होते. एकसष्टही नोंदी सुवाच्य अक्षरात होत्या.

पडदा आता स्वच्छ आणि मुका होता. कोणी काही विचारत नव्हते. राघोत्तमरावांना रडू आले आणि त्यांनी चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

“अहो, कापी,” तुळसीबाई म्हणाल्या. ही त्यांची तिसरी हाक होती. “आणि तोंड कशास पाडतां? त्यांतले अर्धे शब्द मींच सांगितले. आणखी सांगायला वर्षभर बसलें होतें. तुम्ही म्हणत होतां, थांब, पत्र आलंय.”

राघोत्तमरावांनी वही पहिल्या पानापासून पुन्हा पाहिली. तुळसीबाईंची त्यात एकही नोंद नव्हती. त्यांनी कोरे पान उघडले, आवक क्रमांक एक लिहिला आणि म्हणाले, “सांग.”

वाचकांनी म्हाताऱ्याला हसावे, हरकत नाही. फक्त तिसऱ्या परिच्छेदातला कंस एकदा पुन्हा पाहावा. तो आपण वाचून पुढे आलात की ओलांडून, याची चौकशी होणार नाही. होकार नोंदवून घेतलेला आहे. ‘नंतर’चे बटण ठेवलेले नाही.