फेसात बुडालेलं गॅरेज

लायल झास्ट्रोच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. बिअरची स्टीलची पिंपं होती, दारात चार नळ बसवलेला जुना फ्रिज होता, आणि उरलेल्या जागेत या मंडळींच्या आंघोळीचा संसार होता. टब, बादल्या, पंप, लांब दांड्याचे ब्रश, नळ्या वाळत घालायच्या दोऱ्या, जंतुनाशकाचे कॅन. त्याच्या बायकोची, मार्लिसची, गाडी मात्र बारा महिने बाहेर उभी. जानेवारीत कामावर निघताना मार्लिस काचेवरचा बर्फ खरवडायची आणि तो खरखर आवाज लायलला अंथरुणात ऐकू यायचा. त्याला मनापासून वाईट वाटायचं. मग तो कूस बदलायचा.

जूनमध्ये लग्नाचा वाढदिवस जवळ आला, तेव्हा मार्लिसने गॅरेजचा विषय संपवायचं ठरवलं.

"तू माझ्यासाठी खास बिअर केलीयस म्हणे."

"मधाची," लायल म्हणाला. "हलकी. तुझ्यासारखी."

"मला हलकी म्हणायची हिंमत तूच करू शकतोस. हे बघ, शनिवारी सगळ्यांसमोर मी एक पेला पिणार. मनापासून आवडली तर गॅरेज तुझं, पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आवडली तर रविवारपासून तिथे माझी गाडी."

"आजवर तुला आवडतच आलीय की. दर वेळी म्हणतेस, वेगळीच आहे म्हणून."

मार्लिसने बटाटे सोलायला घेतले.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या तलावकाठाला तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. सॉसेज जळलं, व्याही पसंत पडला नाही, चर्चला दिलेला नवा रंग डोळ्यांत खुपला, तरी माणूस मान जराशी कलती करून "वेगळंच आहे हं" म्हणतो आणि हवापाण्याकडे वळतो. लायल इथेच जन्मला, इथेच वाढला. मेव्हणीच्या लिंबाच्या जेलीला तो स्वतः "वेगळीच आहे हं" म्हणाला होता. पण स्वतःच्या बिअरची गोष्ट आली की त्याचं हे ज्ञान कुठे जायचं कोण जाणे.

बिअर करणाऱ्यांच्या मंडळात लायलला मान होता तो धुण्यामुळे. "बिअर यीस्ट करतं, आपण फक्त भांडी घासायची," हे तो दर बैठकीत सांगायचा. जंतुनाशकाच्या कॅनवर एक झाकण लिहिलेलं असलं तर हा दोन ओतायचा. वर पाण्याने विसळायचाही नाही. आत राहिलेला फेस नळीचं रक्षण करतो, असं त्याचं ठाम मत होतं आणि त्यावर वाद घालायला कुणी बसत नसे, कारण लायल वाद घालायला बसला की जेवणाची वेळ टळायची.

शनिवारी सकाळीच तलावावरून धुकं आलं. जूनमध्ये तलावाचं पाणी अजून गारठलेलं असतं आणि वारा ऊबदार, तेव्हा असं धुकं येतं की शेजारचं घर नुसतं ऐकीव उरतं. बंदराचा भोंगा दुरून हळूच घुमत होता. लायलने पिंपांतली बिअर बाहेर आणणाऱ्या चारही नळ्या नळांसकट सोडवल्या, टबात जंतुनाशकाचं औषध कालवलं. आजचा दिवस खास, म्हणून दोनाऐवजी अख्खा कॅन रिकामा केला. पंप टबात सोडून त्याने लांबच लांब नळ्या गॅरेजच्या दारातून बाहेर फरशीवर पसरल्या, पंप चालू केला आणि दारातच उलट्या बादलीवर बसला.

नळ्यांतून पाणी फिरायला लागलं की लायलची तंद्री लागायची. पंप गुणगुणत होता. पांढरे बुडबुडे पारदर्शक नळीतून एकामागोमाग जात होते, मध्येच रेंगाळत होते, पुन्हा निघत होते. त्याला मार्लिस दिसली, पिवळ्या रेनकोटातली, अशाच धुक्यात धक्क्यावर उभी. लायलने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी नुसता रेनकोट दिसला होता, माणूस मागाहून. रेनकोटाने त्याला विचारलं होतं, "काय हो, मासे मिळतात का इथे?" आणि मासे मिळतात की नाही हे त्या घटकेला त्याला काही केल्या आठवेना. त्या रेनकोटाचा विचार करता करता लायल इतका सुखावला की पायांना गार लागतंय हेही त्याला गोडच वाटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्लिसने हाक मारली. "लायल, धुकं आज फारच खाली उतरलंय का रे?"

"हो ना. किती छान वाटतंय."

"मला तुझे गुडघे दिसत नाहीयेत."

"धुकंच आहे तसं."

"धुक्याला बुडबुडे असतात?"

लायलने खाली पाहिलं. गुडघे खरोखरच नव्हते. टबही नव्हता. फेस गॅरेजभर साचून दारातून संथपणे बाहेर निघाला होता, अंगणात धुक्याला मिळाला होता, आणि कोण कुठे संपतं हे सांगायची सोय राहिली नव्हती. त्याने पंपाची वायर शोधायला हात घातला आणि हाताला ब्रश लागला. पुन्हा घातला, स्वतःचाच बूट लागला. असं चाललेलं असतानाच बाहेरून ट्रक मागे येत असल्याचा आवाज आला.

तो ड्वेन होता, शेजारचा. मार्लिसने बिअर आधीच चाखू नये म्हणून ती ड्वेनच्या तळघरात, ड्वेनच्याच पिंपात मुरत ठेवली होती, आणि ते पिंप घेऊन तो आला होता. धुकं बघून तो बिचारा अगदी बेताने येत होता. मागे आणखी थोडं धुकं दिसलं, म्हणून तो तसाच येत राहिला.

"थांब!" लायल ओरडला.

"काय?" ड्वेनने विचारलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून आणखी हातभर मागे आला. कर्र, कर्र, असे चार आवाज झाले.

ड्वेन खाली उतरला आणि पोटरीपर्यंत बुडाला. "मी कशावरून गेलो?"

"माझ्या जन्माच्या कमाईवरून," लायल म्हणाला.

चारही नळ चपटे झाले होते. नळ्यांचा फरशीवर लगदा झाला होता. लायल फेसात मटकन बसला, म्हणजे आता त्याचं नुसतं डोकं उरलं.

"ग्रीन बे शहरातल्या दुकानातून नव्या आणू," ड्वेन म्हणाला.

"या धुक्यात? तू अंगणातून धड येऊ शकला नाहीस. आणि पाहुणे येतीलच इतक्यात."

"मग ती काय आहे?" ड्वेनने भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्यावर लाल पट्टी गुंडाळलेली एक नळी, नळासकट, ऐटीत कोरडी लटकत होती.

लायलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती रूट बिअरची नळी होती. रूट बिअर म्हणजे नावालाच बिअर. नातवंडांसाठी केलेलं गोड, काळं, ज्येष्ठमधाच्या वासाचं पेय. पण तो वास एकदा नळीच्या अंगात मुरला की हटत नाही, पुढची दहा पिंपं तोच लागतो. म्हणून ती नळी बाकीच्यांच्या टबात कधी घातली जात नसे. शिवाय ती मुलांसाठी, तेव्हा तिला औषधाचा थेंब नाही.

"ती अशुद्ध आहे," लायल म्हणाला.

"धुतलेली दिसतेय की."

"नुसत्या पाण्याने! ड्वेन, नुसत्या पाण्याने धुण्याला धुणं म्हणत नाहीत. त्याला भिजवणं म्हणतात."

"मग थोडं औषध घाल तिच्यात."

"अख्खा कॅन संपला." लायलने हात फिरवून अंगण दाखवलं. "हे सगळं औषधच आहे."

रस्त्यावर गाड्यांची दारं वाजायला लागली होती. मेव्हणीची जेली आली, पास्टर लुंडे आले, मंडळाचे सभासद आले. सगळे फेसातून पाय उचलत उचलत पुढे आले आणि एकानेही चकार शब्द काढला नाही. पास्टर तेवढे म्हणाले, "अंगण वेगळंच केलंय यंदा."

लायलने लाल पट्टीची नळी पिंपाला जोडली. एकदा नळाचं पाणी त्याने तिच्यातून सोडलं होतं, ते निव्वळ मनाच्या समाधानासाठी. मग पहिला पेला भरला आणि तो बघतच राहिला. बिअरवर फेस धरला होता. दाट, पांढरा, बोटभर. त्याच्या बिअरवर फेस आजवर कधी टिकला नव्हता. ओतला की गप्पकन बसायचा, आणि हलक्या बिअरचं लक्षण ते, असं तो सांगायचा. पण त्या फेसामागून ज्येष्ठमधाचा वास आला आणि त्याला गॅरेजच्या मधोमध मार्लिसची निळी गाडी उभी दिसली.

मार्लिसने पेला घेतला. तिने एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. मग पेला संपेपर्यंत तिने तो ओठांवरून काढलाच नाही.

"आहे का अजून?" तिने विचारलं.

लायलला खोटं बोलवेना. "मार्लिस, नळी मुलांची आहे. मी ती धुतलेली नाही. तुला रूट बिअरचा वास येत असेल."

"येतोय ना. छान येतोय." तिने पेला पुढे केला. "आज पहिल्यांदा साबणाचा येत नाहीये."

कुणीतरी खाकरलं. लायलने एकेकाकडे पाहिलं. मंडळाचा अध्यक्ष सॉसेजकडे बघत होता. पास्टर धुक्याकडे बघत होते.

"साबणाचा?" लायल म्हणाला. "माझ्या बिअरला? आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"दर पेल्याला बोलले! वेगळीच आहे, वेगळीच आहे. आणखी कसं सांगायचं माणसाने?"

"ड्वेन, तू तर दर गुरुवारी येऊन दोन दोन पेले पीत होतास."

ड्वेन कानापर्यंत लाल झाला. "आपण बसायचो ना. तू बोलत असायचास. बरं वाटायचं. मग घरी जाऊन दात घासायचे, त्यात काय."

एवढी माणसं इतकी वर्षं त्याच्या हातचा साबण हसतमुखाने प्यायली होती आणि पुन्हा आली होती. त्याला लाज वाटली आणि लाजेच्या दुप्पट माया दाटून आली. डोळे भरले, ते त्याने अंगणातल्या औषधाच्या नावावर खपवले.

पैज मार्लिस हरली होती, आणि तिने ती सरळ मान्य केली. "गॅरेज तुझं. पण हे औषधपाणी आता पुरे."

तेव्हा पाहुण्यांनीच हात लावला. टब गेला, पंप गेला, दोऱ्या उतरल्या, ब्रश आणि बादल्या ड्वेनच्या ट्रकमध्ये चढल्या. फेस धुक्याबरोबर ओसरला. राहिला एक फ्रिज, चार पिंपं आणि लांबरुंद रिकामी फरशी. सगळे त्या फरशीकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षं जागा बिअरने अडवलेलीच नव्हती.

मार्लिस किल्ली घेऊन आली. लायलने "ये, ये, ये" करत निळी गाडी आत घेतली. ती फ्रिजला इतकी खेटून बसली की तिच्या बाजूचं दार उघडेना. मार्लिस आतच बसून राहिली. बाहेर भोंगा घुमत होता, पाहुणे जेलीच्या आसपास घुटमळत होते. तिने काच खाली केली आणि रिकामा पेला बाहेर धरला.

लायलने तो घेतला, सवयीने पाण्याकडे वळला, थांबला, आणि तसाच न धुता भरून दिला.