माळावरचा महागुरू

"टीव्हीवर एकदा झळकू द्या, मग दुकानात पुड्या बांधायला दुसरा माणूस बघा!" स्वरूपने मालकाला बजावलंच होतं. टोकावड्याच्या किराणा दुकानातल्या या नोकराला अंतराळावरच्या एका मालिकेत काम मिळालं होतं. तेही कसलं? परग्रहावरच्या महागुरूचं! अख्ख्या ग्रहाने आपल्यापुढे लोळण घ्यावी म्हणून हपापलेला महागुरू!

घाटाखालच्या माळावर शूटिंग झालं. दुपारी चंदेरी झगा, कमरेपर्यंत दाढी आणि कपाळावर लुकलुकणारा दिवा अशा थाटात स्वरूप झुडपाआड लघवीला गेला. तेवढ्यात धुकं उतरलं आणि मंडळी त्याला विसरून निघून गेली! त्याचे कपडेसुद्धा गाडीतच!

चाचपडत तो एका वाडीत शिरला. अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सगळ्या पालथ्या पडल्या. कुत्रीही भुंकली नाहीत!

त्याला फक्त रस्ता विचारायचा होता. पण एवढी डोकी वाकलेली पाहून त्याच्या अंगात गोड शिरशिरी उठली. जन्मात त्याच्यापुढे कोणी वाकलं नव्हतं!

म्हातारी ठकी सरपटत पुढे आली. "देवा, माझ्या नातीला, हिरीला, तीन दिस ताप हाय. डोळं उघडत नाय. दवाखान्यात नेव का?"

"कुठेही नेऊ नका! माझ्या पायाशी ठेवा!"

वाक्य मालिकेतलं होतं. पण आवाज? असा आवाज सकाळी शूटिंगलाही निघाला नव्हता. त्याचाच त्याला ओळखू येईना. बायकांनी निमूट पोर आणून ठेवली. तिच्या अंगाची धग पावलांना लागली आणि स्वरूपची पाचावर धारण बसली!

"अगो, मी देव नाय! दुकानातला स्वरूप!" त्याने दाढी ओढली. डिंक चिवट, अर्धीच निघाली.

"देवाचं तोंड सोलतंय गो!" ठकी किंचाळली. कोणी जागचं हलेना.

शेवटी त्याने छाती फुगवली. "महागुरूची आज्ञा! पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

क्षणात चादरीची झोळी झाली आणि वाडी धुक्यात धावत सुटली.

हिरी वाचली. पंधरा दिवसांनी स्वरूप खरं सांगायला वाडीवर गेला. त्या दिवशी तो उभा होता तिथे आता शेंदूर फासलेला दगड होता. ठकीने सगळं ऐकून घेतलं.

"तू व्हय तो? गप रे! देव गरजला म्हून आमी पोरीला नेली. आन् त्याच्यासमोर चपला घालून उभा रायलास? काढ आधी!"

स्वरूपने मुकाट्याने काढल्या. नमस्कारही केला. आणि खरं सांगायचं, तर भीत भीतच!