लेखापाल गावंडे यांची गैरहजेरी

“आज त्या ट्रेनिंगवाल्यायले मी सरळ करून येतो!” असं बायकोला बजावून शालिकराम गावंडे सकाळी अकोल्याहून अमरावतीच्या बसमध्ये चढले.

गावंडे एका नगरपालिकेत लेखापाल. हिशेब करता करता त्यांचे केस पांढरे झाले, आणि आता कुठं नवा नियम निघाला. हिशेबाच्या माणसानं दरवर्षी ठरलेले तास प्रशिक्षण घ्यायचं. प्रमाणपत्र नाही तर बढती नाही! आणि नेमकी याच वर्षी त्यांच्या कार्यालयातली मुख्य लेखापालाची खुर्ची रिकामी झालेली. गावंडेंचा त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं डोळा होता. प्रमाणपत्र मिळालं नाही, तर ती सरळ त्यांच्या हाताखालच्या मनोजकडे जाणार होती. रजा टाकून, डोकं दुखतंय सांगून गावंडेंनी वर्षभर सगळी प्रशिक्षणं चुकवली होती. आजचं शेवटचं.

“ज्या मनोजले मी व्हाउचर लिहाले शिकोलं, त्याच्या बाजूले बसून मी शिकू?” ते घरातून निघताना कडाडले होते.

“शिका ना बाप्पा!” दुर्गाबाई म्हणाल्या. “घरात तं कोनाचं आयकत नाई. तिथी तरी आयका.”

मनोजनं बसमध्ये जागा धरली होती, पण त्याच्यासोबत जायचं नाही म्हणून गावंडेंनी ती बस सोडली. पुढच्या बसमध्ये उभं राहून ते अमरावतीला पोचले, तेव्हा पायाला गोळे आले होते आणि राग मूर्तिजापूरपासूनच डोक्यात गेला होता.

प्रशिक्षण नांदगाव पेठेच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. भाडं स्वस्त पडतं, म्हणून वरचा हॉल घेतलेला. खालच्या हॉलमध्ये आचल आणि अनुप यांचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. वरच्या हॉलची पाटी जिन्यापाशी स्पष्ट लावलेली होती. पण रागावलेले गावंडे पाटी वाचत नाहीत, ते थेट माणसावर जातात.

“प्रोग्राम इथीच हाय ना?” दारातल्या माणसाला त्यांनी दरडावून विचारलं.

“हाव जी! या, या!” असं म्हणून त्या माणसानं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मनगटावर अत्तर चोपडलं.

“ट्रेनिंगले अत्तर!” गावंडे मनात म्हणाले. “लोकायच्या करातून!”

आत शेवंतीच्या माळा, स्टेजवर दोन सोनेरी खुर्च्या, सनईची कॅसेट. आजकाल सरकारी कार्यक्रमालाही एवढा थाट असतोच, त्यामुळे गावंडेंना संशय आला नाही. संताप मात्र आला. त्यातून अकरा वाजून गेले तरी कार्यक्रम सुरू होईना. मुलाकडची गाडी बडनेऱ्याला पंक्चर झाली होती, हे त्यांना कोण सांगणार? अखेर ते उठले आणि फेटा बांधून इकडून तिकडे धावणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी आडवं घेतलं. हे मुलीचे वडील, गजेंद्रराव.

“तुमी मुख्य दिसता! काय टायमिंग हाय हे? लोकं काय बिनकामाचे हायेत?”

गजेंद्ररावांना वाटलं, हे मुलाकडचे कोणीतरी वडीलधारे, पुढं आलेले आणि रुसलेले! “चुकलं जी पाहुणे,” त्यांनी हात जोडले. “तुमी समोर बसा.”

“बसाचं मंग पाहू! हे फुलं, हे मंडप, हा खर्च कोन्त्या निधीतून केला?”

“निधी कायचा जी? घरचाच हाय सारा.”

“म्हंजे स्वनिधी! मंजुरी कोनाची घेतली?”

“बायकोची,” गजेंद्रराव घाबरून खरं बोलून गेले.

गावंडेंना वाटलं, हा आपली टिंगल करतोय! ते असे काही गरजले की सनई बंद झाली. एवढ्यात मुलाकडची मंडळी गाडीतून उतरली. दारातूनच त्यांनी पाहिलं, आत एक म्हातारा मुलीच्या बापावर ओरडतोय. त्यांना वाटलं, हा मुलीचा काका दिसतो, मानपान चुकला असेल. मग त्यांनीही हात जोडले! दोन्हीकडचे लोक त्यांच्याभोवती गोळा झाले. एकानं टोपी घातली, दुसऱ्यानं शेला टाकला, तिसऱ्यानं हातात नारळ दिला. प्रत्येक वस्तूबरोबर गावंडे जास्त भडकत गेले.

“मले सत्कार नोको! सर्टिफिकेट पाह्यजे!”

“देऊ जी, सारं देऊ,” गजेंद्रराव म्हणाले आणि भावाच्या कानात पुटपुटले, “पहिले याले जेऊ घाला. भुकेनं पित्त खवळलं हाय त्याचं.”

रुसलेल्या पाहुण्याशेजारी वजनदार माणूस बसवावा लागतो. म्हणून त्यांनी मुलाच्या मामांना, धर्माळेसाहेबांना, गावंडेंच्या बाजूला बसवलं. ताटात वरण-पोळी, आलू-वांगं, बुंदी, कढी. गेल्या प्रशिक्षणाला एक गार कचोरी मिळाल्याचं मनोज सांगत होता. खोटारडा! बुंदीवर हात मारत गावंडे धर्माळेसाहेबांना म्हणाले,

“आता तुमीच सांगा, बारा वाजून गेले. शिकवणाऱ्याचा पत्ता नाई! फुकटचा पगार खाते लेकाचा!”

धर्माळेसाहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, “येईन जी. मोठा माणूस, अडकला असंन कुठी.”

“कायचा मोठा! असा माणूस मले भेटला ना, तं त्याची मी वरपर्यंत तक्रार करतो!”

“बुंदी घ्या अजून,” धर्माळेसाहेब म्हणाले आणि नंतर ताटातून मान वर न करता जेवले.

जेवणानंतर माईकवरून भटजी म्हणाले, “मुलीला घेऊन या!” हिरव्या शालूतली आचल स्टेजवर आली. अनुप उठून उभा राहिला. बायकांनी तिची ओटी भरली. गावंडेंनी शेजारी येऊन बसलेल्या एका पाहुण्याला विचारलं, “ही मॅडम कोन्त्या विषयावर बोलन?”

त्या पाहुण्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की गावंडेंना घाम फुटला. मग त्यांना सगळंच एकदम दिसलं. सोनेरी खुर्च्या, अंगठीचं तबक, फेटेवाले गजेंद्रराव! जिन्यापाशी पोचल्यावर पाटीही दिसली.

नारळ हातात, शेला खांद्यावर, अशा अवतारात ते वर धावले. वरच्या हॉलमध्ये खुर्च्या रचून ठेवणं चाललं होतं. प्रमाणपत्राची गुंडाळी घेतलेला मनोज समोरच आला.

“काका! कुठी होते तुमी? संपलं ना सारं!”

“संपलं? काय शिकोलं?”

“काई नाई. साहेब आले, मोबाईलवरचा व्हिडिओ पडद्यावर लावून दिला अन् गेले. आमी सह्या केल्या, कचोरी खाल्ली.”

“कोनता साहेब?”

उत्तर द्यायची गरजच पडली नाही. हजेरीचं रजिस्टर न्यायला तोंड पुसत साहेब स्वतः जिना चढून वर आले. कपाळावर कुंकू, खांद्यावर शेला. धर्माळेसाहेब!

“तुमी!” गावंडे ओरडले. “तुमी तं खाली माझ्या बाजूले जेवत होते! मंग लिहा की हा गावंडे हजर होता. तुमी डोयानं पाह्यलं मले!”

धर्माळेसाहेबांनी शांतपणे शेल्याची घडी घातली.

“मी कसा पाहीन गावंडेजी? मी तं सकायपासून इथी वरच शिकवून राहिलो. रजिस्टरवर माह्या सह्या हायेत. खाली कोन जेवलं, मले काय मालूम?”

“मी तक्रार करतो!”

“करा ना. फक्त एवढं लिहा, की धर्माळे खाली जेवत होता, हे तुमी कुठी बसून पाह्यलं.”

गावंडेंनी आपल्या खांद्यावरच्या शेल्याकडे पाहिलं. साहेबांनी रजिस्टर मिटलं, काखेत मारलं आणि ते भाच्याच्या फोटोसाठी खाली निघून गेले.

हॉलमध्ये गावंडे आणि मनोज दोघंच उरले. मनोजनं अवघडून प्रमाणपत्र पाठीमागं लपवलं. मग हळूच विचारलं,

“काका, चारची बस हाय. धरू का जागा?”

गावंडेंनी टोपी काढली, नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि जिन्याकडे पाहत म्हणाले,

“धरा साहेब.”