हैबती नाईकाच्या बंदुकीची हकीकत

“बंदुकीचें तोंड आपलेकडे करूं नको, बाई. नळींत गज घालून पाहिल्यावांचून कोणास हात लावूं देऊं नको. आणि आंत जें निघेल तें हैबती नाईकाचे घरीं तूं स्वतां जाऊन सांग. आम्हांस धीर झाला नाहीं.” ऐसें थोरले सरकारांनीं अंतकाळीं कन्या अंबिकाबाई आक्कासाहेब यांचा हात धरून सांगितलें, आणि आक्कासाहेबीं बेलाचें पान उचलून वचन दिल्हें.

कुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून, तुळशीस पाणी घालून, जें घडलें तेवढेंच लिहितें; अधिक उणें झाल्यास आईनें पदरांत घ्यावें. शके सत्राशें एक्यायशीं, सिद्धार्थी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध अष्टमी. ते समयीं सरकारांचे राज्यांत देवीपुढें एक बंदूक होती, तीस फितुराची बंदूक म्हणत. कारण कीं, थोरले सरकारांचे वडील आजे सरकार यांची स्वारी घाटांतून येत असतां गोळी सुटली आणि पालखीचा भोई पडला, आणि हैबती नाईक बंदूक घेऊन पालखीपुढें चालत होता, तोच फितला म्हणोन बार ऐकतांच लोकांनीं त्याच्या मुसक्या बांधिल्या, आणि आजे सरकारांनीं तेथेंच त्याची गर्दन मारविली, मग बंदूक आणोन त्याच सांजेस शेंदूर फासून देवीपुढें ठेविली. तेव्हांपासोन दर खंडेनवमीस तिजवर नवा शेंदूर चढे, जुना काढीत नसत, आणि नाईकाचे वंशजानें पागोटें काढून पूजा होई तों दाराबाहेर उभें राहावें ऐसा शिरस्ता पडला. हल्लीं हैबतीचा नातू सोनजी उभा राहत असे. शेंदूर इतका दाटला कीं बंदूक कीं मारुती, हें परक्यास कळेना.

थोरले सरकार कैलासवासी झाले आणि बंदूक वारशानें त्यांचे पुत्र शिदोजीराव सरकार यांजकडे आली. सरकार तरुण, हौशी. आज्ञा केली कीं, ही नीट करोन शिलंगणाचे वेळीं आम्ही स्वहस्तें झाडूं. मग दादूमिया शिकलगार आला, त्यानें शेंदूर खरवडिला, लांकडी कुंदा वेगळा केला, आणि नळीचे तोंडांत बोट फिरवून म्हणाला, “सरकार, साधी नळी नव्हे ही. आंत पेंचदार खांचा आहेत. हिची गोळी चिंधींत गुंडाळोन ठोकीत ठोकीत न्यावी लागते. ही भरून होई तों दुसऱ्याचें पान खाऊन होतें! पण बुडाचा आटा गंजून बसला आहे. विस्तवावर धरिल्यावांचून सुटावयाचा नाहीं.”

“मग धर कीं! मुहूर्त पाहतोस काय?”

“आंत बार तर नाहीं ना, सरकार?”

सरकार हांसले. “झाडली म्हणोनच तर हैबतीची मान गेली. झाडलेल्या बंदुकींत बार कोठून?” हें शिकलगारासही पटलें, आणि नळी निखाऱ्यांत गेली.

आक्कासाहेबांचें चातुर्मासाचें मौन, दिवेलागणीवांचून बोलावयाचें नाहीं. बंदूक भट्टीवर गेल्याचें त्यांस ठाऊक नव्हतें; त्या अभिषेकाची कळशी घेऊन देवळांतून येत होत्या, तों पागेजवळ भट्टी फुललेली, नळी तापूं लागलेली, आणि तिचें तोंड थेट धाकट्या भावाचे छातीकडे. हांकेपेक्षां पाऊल जवळ होतें. आक्कासाहेब नळीस वळसा घालोन आल्या आणि कळशी निखाऱ्यांवर ओतिली. राखेचा लोट उठला, सरकार खोकत ओरडले, “आक्का! सणाचे तोंडावर विस्तव विझविला! नेम करतां करतां डोकें फिरलें काय?” आक्कासाहेबीं भावाचा दंड धरून त्यास बाजूस नेलें, नळी निवों दिली, आणि मग एका अंगास उभें राहोन गज आंत घातला, नळीचे तोंडाशीं गजावर कुंकवाची खूण केली, आणि तो काढोन बाहेरून नळीशीं लावून धरिला. गज बुडास पोंचलाच नव्हता. चार बोटें अलीकडे अडला होता.

शिकलगार फुंकणी टाकून मागें सरला. “या अल्ला! आणि मी हिजवर फुंकर घालीत होतों.”

मग ठिणगी जाण्याचा कान शेंदरानें बुजला होता तो टोंकरून पाणी सोडिलें, दारू भिजविली, आणि गजास मळसूत्र लावून आंतील जिन्नस ओढिले. प्रथम शिशाची गोळी आली, तिजभोवतीं चिंधी, मागोमाग काळा चिखल. मग सरकार म्हणाले, “झाडून पुन्हां भरली असेल.”

“मुसक्या बांधलेल्या हातांनीं, सरकार?” शिकलगार हळूच म्हणाला.

दिवे लागले. आक्कासाहेबांचें मौन सुटलें, तेव्हां सरकार बोलले, “आक्का, दरबारांत काय सांगूं? आजोबांनीं निरपराध मारिला म्हणोन?”

“तूं नको सांगूं, शिदबा. बाबांनीं मजला सांगितलें आहे.”

“नाईकवाडींत जाशील? सरकारची बहीण?”

“बाबांची मुलगी जाईल.”

“आणि सोनजीनें दार लाविलें तर?”

“तर दाराबाहेर उभी राहीन. तो इतकीं वर्षें राहिलाच कीं.”

सरकारांनीं मान खालीं घातली. जा म्हणाले नाहींत, नको म्हणाले नाहींत.

एवंच, घाटांत गोळी कोणीं झाडिली हें आजतागायत कळलें नाहीं. हैबतीनें झाडिली नाहीं, इतकें कळलें. खंडेनवमीस पहांटे, पूजेचीं उपकरणीं घासून होण्याआधीं, आक्कासाहेबीं कुंदा बसवून बंदूक पुसली, शेंदूर लाविला नाहीं, गोळी आणि चिंधी पदरांत बांधिली, आणि रिकामी झाली तरी बंदुकीचें तोंड भुईकडेच धरोन अनवाणी नाईकवाडीची वाट धरिली.